दारावरचं काळं कडं

“अगं सोड, सोड! डोळा फुटेल माझा!”

मी डोकं मागे घेतलं आणि तारेचा हँगर बर्निसच्या हातातून निसटून टण्णकन व्हरांड्याच्या कठड्यावर आपटला. तिनं त्याला एक सणसणीत शिवी हासडली. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं पोरांना जेवण वाढणारी बाई ही. तिला इतकी जोरदार शिवी येते हे मला त्या दिवशी कळलं.

“काय चाललंय काय?” मी विचारलं.

“दारावर टांगायला गोल कडं करतेय. हॅलोविनचं.” तिनं हँगर उचलून गुडघ्यात धरला आणि पुन्हा वाकवायला घेतला. “माझा नवरा, लेनर्ड, असता तर दोन मिनिटांत गोल करून दिला असता. जन्मभर तारच वळली त्यानं. माझ्या हातात मेला बटाटाच होतोय त्याचा.”

“विकत मिळतात की.”

“मिळतात! बघून आले परवा. तीस डॉलर! आणि आहे काय त्यात? कचऱ्याच्या काळ्या पिशव्या कापून गाठी मारल्यात नुसत्या. म्हटलं, मला काय हात नाहीत?”

मी पोस्टात. ईगन्स पॅच या आमच्या वस्तीच्या सगळ्या गल्ल्यांत पायी टपाल वाटते. गेल्या जानेवारीपासून दुपारी दोनला, बर्निस कोवॅच शाळेतून आली की, मी डबा तिच्या घराच्या पायऱ्यांवर बसून खाते. विचारलं कुणी तर सांगते की ते घर माझ्या वाटेच्या बरोबर मध्यावर आहे. ते खरंच आहे, पण त्याआधी चौदा वर्षंही ते मध्यावरच होतं आणि तेव्हा मी तिथं कधी टेकले नव्हते.

त्या दिवशी मी डबा खाल्ला आणि मग कात्री हातात घेतली. बर्निसनं सगळं जमवून ठेवलं होतं. दोन हँगर एकमेकांत पिळून एक भक्कम गोल. काळ्या पिशव्यांची गुंडाळी. शाळेतून आणलेली संत्र्यांची रिकामी नारिंगी जाळी, गाठ मारून गोंडा करायला. आणि एका बरणीत प्लॅस्टिकचे कोळी, गेल्या वर्षी पोरांच्या केकवर लावले होते ते धुऊन पुसून जपून ठेवलेले.

“वीतभर लांब, दोन बोटं रुंद,” ती म्हणाली. “आणि सरळ काप. तू पाकिटं बरी वाटतेस, पण कापतेस वेडंवाकडं.”

“फुकटचा कामगार आहे, बोलायचं काम नाही.”

पट्टी तारेवरून घ्यायची, एक गाठ मारायची, शेजारच्या गाठीला घट्ट भिडवायची. पुन्हा पट्टी, पुन्हा गाठ. शंभर झाल्या तरी गोलाचा पावच भाग भरला होता. बर्निसची बोटं भराभर चालत होती.

“एवढ्या पिशव्या कशाला आणल्या होत्यास?” मी सहज विचारलं.

“जुलैत आणल्या. लेनर्डचे कपडे भरून चर्चला द्यायचे होते.” तिनं एक गाठ आवळली. “काल कपाट उघडलं. दोन शर्ट काढले, घड्या घातल्या, आणि खणात ठेवून दिले परत. हँगर तेवढे घेऊन खाली आले.”

मी पुढची पट्टी कापून दिली. मग ती म्हणाली, “यंदा पोरं आली पाहिजेत, लोरीन. एकदा तरी माझ्या दाराशी पोरं आली पाहिजेत.”

का आली नव्हती ते मला नीट माहीत होतं, कारण न येणाऱ्या पोरांत मीही होते.

आमच्या पॅचमधली घरं जुन्या कोळसा कंपनीनं बांधलेली आहेत. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधे एक भिंत. व्हरांडा एकच, त्याच्या मधोमध कमरेएवढा लाकडी कठडा, आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या वेगळ्या. डावीकडं मिसेस हुसार राहतात, उजवीकडं कोवॅच. हॅलोविनला सहाचा भोंगा झाला की पोरं सोंगं घेऊन बाहेर पडतात, आठचा झाला की घरी. ज्या दारावर दिवा असेल तिथं चढायचं, खाऊ मागायचा. अंधार असेल ते घर सोडायचं. कोवॅचकडं दिवा नेहमीच असायचा. तरी पोरं मिसेस हुसारकडं चढायची, खाऊ घ्यायची, उतरायची, आणि पुढच्या घराकडं पळायची. कठड्यापलीकडं दिव्याखाली बर्निस मांडीवर वाडगं घेऊन बसलेली असायची. मी सुद्धा तिच्यासमोरून तशीच गेले आहे, डोक्यावर चेटकिणीची टोपी आणि पायात आईचे बूट घालून. तिनं मला हात केला होता. मी दुसरीकडं बघितलं.

याचं मूळ एक्याण्णवच्या संपात होतं. तारेचा कारखाना बंद होता. सगळं गाव फाटकाबाहेर शेकोट्या पेटवून उभं होतं, माझे वडीलही. दहाव्या आठवड्यात एका सकाळी लेनर्ड कोवॅच डबा हातात घेऊन, खाली मान घालून, सगळ्यांमधून आत गेला. मग दुसरे गेले, तिसरे गेले, आणि सोळाव्या आठवड्यात संप फसला. नंतर गेलेल्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. पहिल्याचं मात्र विसरले नाहीत. का गेला ते लेनर्डनं कधी सांगितलं नाही आणि कुणी त्याला विचारलंही नाही. कारखाना पुढं बंद पडला, फाटक भंगारात गेलं, शेकोटीभोवती उभे राहणारे बहुतेक जण टेकडीवरच्या दफनभूमीत पोचले. पण पोरांना “कोवॅचकडं जायचं नाही” हे आया सांगत राहिल्या. का, ते त्यांना स्वतःलाही धड माहीत नसायचं. मी माझ्या मुलीला तसं कधी सांगितलं नाही. पण “जा” असंही कधी सांगितलं नाही, आणि याची मला लाज वाटते.

जानेवारीत लेनर्ड गेला. शवपेटी उचलायला माणसं अंत्यविधीवाल्यानं आपली आपणच आणली. कुणाच्याही घरून एक वाटीभर काही आलं नाही. आमच्या इथं मयताच्या घरात चूल पेटवू देत नाहीत, दाराशी भांड्यांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी मी तिचं टपाल घेऊन गेले तेव्हा बर्निस उभ्याउभ्याच डब्यातलं सूप खात होती, गरम न करता. त्या दिवसापासून मी तिथं बसायला लागले.

तीन दुपारी मी कापत राहिले आणि ती गाठी मारत राहिली. सोमवारी, हॅलोविनच्या आदल्या दिवशी, दुपारी जाऊन बघते तर कडं दारावर लागलेलं. दाट, काळंभोर, वाऱ्यावर सळसळणारं. खाली नारिंगी गोंडा, मधेमधे कोळी, आणि गाठींच्या आत बारीक पिवळ्या दिव्यांची एक माळ लुकलुकत होती. हँगरचा आकडाही तिनं तोडला नव्हता. तोच खिळ्याला अडकवला होता.

“दिवे कुठून आले?”

“शाळेनं टाकून दिलेली माळ. चालतेय बघ चांगली. दोन सेल लागत होते, रेडिओतले काढले.” तिनं हात झटकले. “दोन दिवस बातम्या नाही ऐकल्या तर मरत नाही मी. काल संध्याकाळी लावलं. कसं दिसतंय?”

“तीस डॉलरचं दिसतंय.”

“चल, काहीतरीच,” ती म्हणाली, पण तिचा चेहरा खुलला. मग लगेच पडला. “येतील ना गं पोरं?”

“येतील,” मी म्हटलं. मला तसं वाटत नव्हतं.

हॅलोविनला शाळा अर्धा दिवस असते. म्हणून मी लवकरच गेले; कोवॅचच्या दारी पोचले तेव्हा पावणेएक वाजला असेल. लांबूनच दिसलं की पायऱ्यांवर कुणीतरी बसलंय. जवळ गेले तर मिसेस हुसार! माझ्या हातातली पाकिटं पडायचीच राहिली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वॉकरशिवाय पाऊल टाकत नाहीत, रविवारी पुतण्या चर्चला नेतो तेवढंच काय ते बाहेर पडणं. आपल्या पाच पायऱ्या उतरून, बर्निसच्या पाच चढायला निघालेल्या त्या दुसऱ्या पायरीवर टेकल्या होत्या. अंगावर काळा कोट, डोक्याला काळा रुमाल. शेजारी पंच्यात गुंडाळलेलं मोठं झाकणाचं भांडं. त्यांनी सकाळपासून रांधलं असणार, सगळ्या रस्त्यावर कोबीचा आणि टोमॅटोचा वास सुटला होता.

“कोण? पोस्टवाली का?” त्यांनी विचारलं.

“हो, मी लोरीन. मिसेस हुसार, तुम्ही इथं कशा?”

“कधी गेली गं?”

“कोण?”

“कोण म्हणजे? बर्निस. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. भिंतीपलीकडं राहते मी, आणि मला दारावरच्या काळ्या कड्यावरून कळतंय.”

मी वळून दाराकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी आजी सांगायची. पूर्वी घरात कुणी गेलं की अंत्यविधीवाला पहिल्यांदा दारावर काळं कडं लावून जायचा. ते बघितलं की शेजारच्या बाया काही न विचारता कोबी चिरायला घ्यायच्या. ही रीत बर्निस लग्न होऊन इथं येण्याआधीच बंद पडली होती. ती ओहायोची, तिला कुठून ठाऊक असणार? आणि मिसेस हुसारना गोंडा, कोळी, लुकलुकते दिवे यांतलं काहीच दिसत नव्हतं. दारावर एक काळा गोल तेवढा दिसत होता.

मला हसू फुटणार होतं. पण मी तोंड उघडायच्या आत त्या बोलायला लागल्या.

“रोज पहाटे पाचला तिचा रेडिओ लागतो. नवरा गेल्यापासून जरा मोठ्यानं लावते. मी त्यावर उठते. काल लागला नाही. म्हटलं झोपली असेल. आज लागला नाही. मग सकाळीच व्हरांड्यात येऊन बघितलं तर हे कडं.” त्यांनी भांड्यावरचा पंचा सारखा केला. “हलुपकी केली. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळायला वेळ लागला, बोटं वळत नाहीत आता. इथूनच हाका मारल्या, कुणी दार उघडत नाही. नातेवाईक अजून आले नसतील. ओहायो लांब आहे.”

“मिसेस हुसार, ऐका तर—”

“तू ऐक. मला कुणालातरी सांगायचंय आणि जिला सांगायचं ती गेली.” “संपाच्या वर्षी हिला मूल झालं होतं. पोटात असतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळाच्या काळजात दोष आहे म्हणून. संपात कारखान्यानं सगळ्यांचा विमा बंद केला. लेनर्ड त्याच्यासाठी आत गेला. तीन दिवस जगलं ते मूल. ही भिंत काय, पुठ्ठ्याची आहे. मी सगळं ऐकलं. रात्रंदिवस रडायची बर्निस. लेनर्ड का गेला ते गावात कुणाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी हलुपकी केली. हेच भांडं. व्हरांड्यात आले, कठड्यापाशी आले. आणि माझा नवरा, अँडी, आतून म्हणाला, ओल्गा, त्या बाजूला एक पाऊल टाकायचं नाही. संपाचा पुढारी होता तो. मी भांडं घेऊन परत आत आले. आम्ही दोघांनी बसून खाल्लं ते. अजून घशाखाली उतरलेलं नाही.”

माझे वडील मरेपर्यंत लेनर्डचं नाव थुंकून घ्यायचे. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

“आणि अँडी गेल्यावर?” मी विचारलं. मला राग आला होता, तो आवाजात आलाच. “अँडी जाऊन बारा वर्षं झाली, मिसेस हुसार.”

“मग लाज वाटली. इतक्या वर्षांनी काय तोंड घेऊन जायचं? मयताच्या घरी जायला तोंड लागत नाही. म्हणून आज आले.”

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. “बर्निस मेलेली नाही. शाळेत गेलीय. आज पिझ्झा आहे, पोरांना वाढत असेल.”

त्यांनी दाराकडं मान वळवली. मग म्हणाल्या, “आणि हे?”

“हॅलोविनचं कडं आहे. तिनंच केलंय. मी कापून दिल्यात पट्ट्या.”

“काळं?”

“कचऱ्याच्या पिशव्यांचं.”

“कचऱ्याच्या!” त्या ताठ झाल्या. “आणि रेडिओ?”

“त्याचे सेल कड्याच्या दिव्यात घातलेत.”

“देवा रे,” मिसेस हुसार म्हणाल्या, आणि मग एकदम कठडा धरून उठायची धडपड करू लागल्या. “मला वर ओढ. ती यायच्या आत घरी पोचव मला. भांडं उचल. तिला एक अक्षर सांगशील तर याद राख.”

मी उठले नाही. “ते भांडं परत आत न्यायचं नाही,” मी म्हटलं. “एकदा नेलंत तेवढं पुरे झालं.”

“पोरी, उद्धटपणा करू नकोस. टपाल टाक आणि चालती हो.”

“करतेय उद्धटपणा.”

आमचं हे चाललं होतं तेवढ्यात बर्निस कोपऱ्यावरून आली. डोक्यावर शाळेची केसांची जाळी तशीच, हातात खाऊची एक पिशवी. पायऱ्यांवर काळ्या कोटातल्या मिसेस हुसार बघून तिचा चेहरा पांढरा पडला. ती जवळजवळ पळतच आली.

“काय झालं? कोण गेलं?”

“तू,” मिसेस हुसार म्हणाल्या.

बर्निसनं माझ्याकडं बघितलं. मी दाराकडं बोट केलं आणि रीत सांगितली, रेडिओचं सांगितलं. सांगताना मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. बर्निसला दोन्हींतलं काही आलं नाही. ती पायरीखाली उभी राहून मिसेस हुसारकडं बघत होती. बत्तीस वर्षांत त्या दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

“जिवंतच आहेस तर घे हे,” मिसेस हुसार म्हणाल्या आणि भांडं थोडं पुढं सरकवलं. “गरम आहे अजून.”

“जानेवारीत कुठं होतात?” बर्निस म्हणाली. हळू आवाजातच म्हणाली. “माझा नवरा गेला. या दाराशी एक माणूस फिरकलं नाही. तुम्ही कुठं होतात, मिसेस हुसार?”

“भिंतीपलीकडं.”

“माहीत आहे भिंतीपलीकडं. तुमच्या वॉकरचा आवाज येत होता मला. भिंतीपर्यंत यायचा आणि थांबायचा.”

“हो. ऐकत बसायचे मी. तेव्हाही ऐकलं होतं. त्या वर्षी. तुझं बाळ—” त्या थांबल्या. “सगळं ऐकलं होतं, बर्निस. आले नाही. भ्याले. नवऱ्याला भ्याले, लोकांना भ्याले. चुकलं माझं.”

बर्निस एकदम खाली बसली, रस्त्याच्या कडेलाच, खाऊची पिशवी मांडीवर घेऊन. तिनं केसांची जाळी काढली आणि मुठीत चुरगळली. “तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “मला वाटायचं या गावात कुणालाच माहीत नाही. लेनर्ड म्हणायचा, सांगायचं नाही. आपलं बाळ त्यांच्यापुढं ढाल म्हणून धरायचं नाही.”

“मानी होता.”

“होता.”

मी निघायला हवं होतं. निम्मी वाट राहिली होती. पण मला हलवेना.

“मुलगा की मुलगी?” मिसेस हुसारनी विचारलं. “भिंतीतून ते कळलं नाही.”

“मुलगी.”

“नाव ठेवलं होतंस?”

बर्निसनं मुठीतली जाळी मांडीवर सरळ केली. “रोझलिन,” ती म्हणाली. “कुणी विचारलंच नव्हतं.” आणि मग ती रडली. मिसेस हुसारना उठून तिच्याजवळ जाता येत नव्हतं. त्यांनी वॉकरचा पाय जमिनीवर दोनदा आपटला आणि माझ्यावर ओरडल्या, “बघत काय बसलीस? भांडं आत ने, गॅस लाव, थंड होतंय!”

मी नेलं. त्या घराच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते.

संध्याकाळी मी माझ्या मुलीला, मॅडीला, घेऊन मुद्दाम त्याच रस्त्याला आले. ती टपालपेटी झाली होती, पुठ्ठ्याची, निळा रंग दिलेली. सहाचा भोंगा झाला आणि रस्ताभर चेटकिणी, भुतं, हाडांचे सापळे सुटले. मी समोरच्या बाजूला उभी राहिले. हुसार-कोवॅचच्या घराकडं बघितलं आणि मला आधी काही उमगेना. व्हरांड्याची डावी बाजू काळोखात होती. मिसेस हुसारनी आपला दिवा लावलाच नव्हता. गेल्या साठ वर्षांत असं झालं नव्हतं. त्या स्वतः उजवीकडं, बर्निसच्या दिव्याखाली, बर्निसच्या खुर्चीत, मांडीवर आपलं मोठं वाडगं घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यामागं दारावर कडं लुकलुकत होतं. बर्निस बाजूला उभी, हात कुठं ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं.

पहिला घोळका आला. सवयीनं डावीकडच्या पायऱ्यांकडं वळला आणि अंधार बघून थबकला. पोरांबरोबरची एक आई, टॅमी गेर्गेली, म्हणाली, “आज दिवा नाही त्यांचा. चला, पुढच्या घरी.” पोरं वळली. मी बर्निसकडं बघितलं. ती आत जायला दाराकडं वळली होती.

“टॅमी!” व्हरांड्यातून आवाज आला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. “टॅमी गेर्गेलीच ना तू? दिसत नाही मला, पण आवाज तुझ्या आजीचाच आहे. तुझ्या आजीबरोबर फाटकापाशी मी सोळा आठवडे कॉफी केलीय. मी इथं बसलेय. पोरांना इकडून वर पाठव.”

टॅमी उभी राहिली. तिच्या मागं आणखी दोन आया येऊन उभ्या राहिल्या. कुणीच हलेना. तेव्हा मी मॅडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. “जा,” मी म्हटलं. तिच्या नऊ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. माझी टपालपेटी रस्ता ओलांडून अडखळत उजवीकडच्या पायऱ्या चढली. बर्निस वाकली आणि तिनं पेटीच्या फटीतून चॉकलेट आत टाकलं. सगळी पोरं हसली. मग एक भूत चढलं, मग एक सापळा, आणि मग पायऱ्यांवर गर्दीच झाली.

बर्निसची पिशवी वीस मिनिटांत संपली. एकच आणली होती बिचारीनं. पुढं मिसेस हुसारच्या वाडग्यातलं वाटलं. एका पोरीनं कड्याला हात लावून विचारलं, “हे कुठं मिळालं?” आणि बर्निसनं तिथंच उभ्याउभ्या तिला गाठ कशी मारायची ते दाखवलं. आठचा भोंगा झाला तेव्हा मिसेस हुसार खुर्चीतच पेंगत होत्या. डोळे न उघडता म्हणाल्या, “उद्या ते सेल रेडिओत घाल परत. मला पहाटे जाग येत नाही.”

रेडिओ दुसऱ्या दिवसापासून लागला. हिवाळाभर मी दुपारी गेले की दोघी बर्निसच्या स्वयंपाकघरात असायच्या. एक कोबीची पानं गुंडाळायची आणि दुसरी चुकतंय म्हणून ओरडायची. बर्निसची हलुपकी शेवटपर्यंत सैलच राहिली. खावी मात्र मलाच लागायची.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी बर्फ बरंच पडलं होतं. मी वळणावरून आले आणि थांबले. मिसेस हुसारच्या दारावर कडं होतं. तेच. नारिंगी गोंडा काढलेला, एकेक कोळी काढलेला, दिव्यांची माळही काढलेली. नुसतं काळं.

त्यांच्या पायऱ्यांवरचं बर्फ झाडलेलं होतं. वरच्या पायरीवर बर्निस बसली होती, अंगावर लेनर्डचा कोट, मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं भांडं. पुतण्या यायचा होता. मी टोपी काढली.

“पहाटे रेडिओ लावला,” ती म्हणाली. “वॉकरचा आवाज आला नाही.”

मी तिच्याशेजारी बसले. रस्त्यापलीकडं टॅमी गेर्गेलीचं दार उघडलं. ती कोटाशिवायच बाहेर आली, तिनं कड्याकडं बघितलं आणि पुन्हा आत गेली. जरा वेळानं तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला.

“लोरीन,” बर्निस म्हणाली, “कडं वाऱ्यानं फिरतंय का बघ गं. मला नीट दिसत नाहीये.”

एका बाजूला कललं होतं. मी उठून लेनर्डच्या हँगरचा आकडा खिळ्यावर नीट बसवला.